भाताला रेशन आहे, रश्श्याला नाही

या भिंतीवर एरवी पाणीपुरवठा, खड्डे, पीकविमा आणि नगरपालिकेचे ठराव असतात. आज स्वयंपाकघरातून लिहितोय. विषय आहे हरभऱ्याचा रस्सा आणि भात. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

म्हणाल, पत्रकाराला बातम्या कमी पडल्या का? तसं नाही. घरात भाजी नाही, महिनाअखेर आलीय, पाहुणा सकाळी टपकणार आहे, अशा वेळी रात्री झोपताना वाटीभर हरभरा भिजत पडतो. आमच्या लातूर भागातलं हे सगळ्यात भरवशाचं जेवण. मटणाची ऐपत नसलेल्या घरालाही रविवारी झणझणीत काहीतरी खाल्ल्याचं समाधान हाच रस्सा देतो. पण ताटातला भात कुठून आला, हरभरा कुठून आला आणि दोघांपैकी सरकारने कोणाला हात दिला, हे बघायला लागलं की आपल्या शेतीचं आणि रेशनचं पाऊणशे वर्षांचं धोरण त्या एका ताटात दिसतं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: ही जोडी एकत्र खाण्यासाठी होती, आपण तिच्यातल्या एकालाच सांभाळलं, आणि त्याची किंमत शेतकरी आणि गरिबाची पोरं दोघं मोजतायत.

आधी पदार्थ नक्की करू, म्हणजे पुढे गोंधळ नको.

चार माणसांना एक मोठी वाटी, म्हणजे साधारण २०० ग्रॅम, गावरान हरभरा. रात्रभर भरपूर पाण्यात भिजवायचा, सकाळी तो दुप्पट फुगतो. कुकरला पाच-सहा शिट्ट्या, मग आच बारीक करून दहा मिनिटं. तोवर दोन कांदे आणि सुक्या खोबऱ्याचा तुकडा विस्तवावर किंवा तव्यावर काळसर भाजायचा. लसूण, आलं, धने आणि चमचाभर तीळ घालून वाटण करायचं. तेलात मोहरी-जिरं, हिंग, हळद, वाटण, तिखट, काळा मसाला. वाटण कडेने तेल सोडेपर्यंत परतायचं, इथे घाई केली की रस्सा कच्चट लागतो. मग हरभरा त्याच्या शिजलेल्या पाण्यासकट ओतायचा. ते पाणी फेकणारी माणसं मला आजवर कळलेली नाहीत, सगळी चव त्यातच असते. मूठभर दाणे पळीने ठेचले की रश्श्याला अंग येतं. मराठवाड्यात त्यासाठी येसर घालतात, म्हणजे भाजलेल्या धान्या-डाळींचं मसालेदार पीठ. शेवटी मीठ, कोथिंबीर. शेजारी दीड वाटी तांदळाचा मोकळा भात. झालं.

आता एकेक जिन्नस घेऊ.

हरभरा आपल्याकडे फार जुना आहे, पण मुळात इथला नाही. त्याचा रानटी पूर्वज आजच्या तुर्कस्तानच्या आग्नेय भागात सापडतो, आणि गहू-बार्ली-मसुरासोबत माणसाने पहिल्यांदा शेतात आणलेल्या पिकांमध्ये तो मोजला जातो. तिथून तो पूर्वेकडे सरकत आला. राजस्थानातल्या कालीबंगन इथे सिंधू संस्कृतीच्या काळातला हरभरा मिळाला आहे. आपल्याकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला १९६८ पासून कित्येक वर्षं उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांचं ते काम. साडेतीन-तीन हजार वर्षांपूर्वीचे ते दख्खनी शेतकरी मुख्यतः बार्ली पिकवत होते आणि सोबत कडधान्यं. म्हणजे 'धान्य अधिक कडधान्य' हा हिशोब या मातीत आहारशास्त्राच्या आधीपासून चालत आलेला आहे.

संस्कृतात याला चणक म्हणतात. अमरकोशात हरिमंथक असंही नाव दिलंय. मराठीत सोयीप्रमाणे दोन शब्द चालतात. शेतात असतो तो हरभरा, टपरीवर खातो ते चणे. भाजलेले ते फुटाणे, भरडली की डाळ, दळलं की बेसन. हिरवा असताना डहाळे, शेकोटीत भाजला तर हुळा. कोवळ्या शेंड्यांची भाजी होते, आणि शेंडा खुडला की झाडाला फांद्या जास्त फुटतात, म्हणून खुडणारीला कोणी रागावत नाही. थंडीत रात्री पिकावर पांढरं फडकं पसरून सकाळी पिळलं की 'आंब' मिळते. पानांवर सुटणारं ते आम्ल जुनी माणसं पोटदुखीवर देत. हरभऱ्याच्या झाडावर चढवणं हा वाक्प्रचार तर प्रत्येक निवडणुकीत उपयोगी पडतो. झाड जेमतेम गुडघ्याएवढं, चढणारा किती उंच जाणार ते सांगायला नको!

आता काबुली. छोल्यांसाठी आपण जो मोठा पांढरा हरभरा आणतो, तो नावाप्रमाणे काबूलच्या वाटेने आला असं मानतात. अठराव्या शतकात आला असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. पण अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने ऐन-ए-अकबरीत धान्यांचे बाजारभाव दिलेत, त्यात काबुली नखुद मणाला १६ दाम आणि काळा हरभरा ८ दाम आहे. गहू १२ दाम. म्हणजे साडेचारशे वर्षांपूर्वीसुद्धा काबुली हा श्रीमंताचा होता आणि गव्हापेक्षा महाग होता, तर काळा हरभरा गव्हापेक्षा स्वस्त, गरिबाचा. आजही किराणा दुकानात दोन्ही पोती शेजारीशेजारी असतात आणि काबुलीचा भाव वरचढ असतो. गंमत बघा, त्याच काबुलीतल्या टपोऱ्या दाण्याला आता शेतकरी आणि व्यापारी 'डॉलर' म्हणतात. आधी काबूल, आता अमेरिका!

काळ्या हरभऱ्याचा दुसरा मोठा गिऱ्हाईक घोडा होता. घोड्याच्या खुराकाला आपल्याकडे चंदी म्हणत, आणि उत्तरेत व दख्खनेत चंदीत हरभरा महत्त्वाचा. चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना शिवाजी महाराजांनी पाठवलेलं पत्र सगळ्यांना ठाऊक आहे. पावसाळ्यापुरती साठवलेली दाणा-वैरण आत्ताच उधळून टाकाल, तर पुढे घोडी मरतील आणि तुम्ही रयतेच्या घरात शिराल, असा त्याचा रोख आहे. आपण त्यातला भाजीच्या देठाचा भाग भाषणात वापरतो. मला त्यातला साठ्याचा हिशोब जास्त महत्त्वाचा वाटतो. दाण्याचा साठा संपला की रयतेवर पाळी येते, हे राज्य चालवणाऱ्याला कळत होतं.

पोर्तुगीजांनी या दाण्याला नुसतं 'धान्य' या अर्थाच्या आपल्या शब्दाने हाक मारली, त्यावरून इंग्रजांनी 'ग्रॅम' केलं, आणि आजही सरकारी कागदात हरभरा 'बंगाल ग्रॅम' असतो. त्याच पोर्तुगीजांच्या जहाजांमधून मिरची आली. म्हणजे आपला 'पारंपरिक' तांबडा रस्सा सोळाव्या शतकाच्या आधी शक्यच नव्हता. त्याआधी तिखटपणा होता तो मिऱ्याचा, पिंपळीचा, आल्याचा. टोमॅटो तर आणखी उशिरा घरात शिरला. परंपरा म्हणून आपण ज्यावर भांडतो, त्यातलं अर्धं समुद्रावरून आलंय, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

गोव्यात हाच पदार्थ ओल्या नारळाच्या वाटणात चण्याचं तोणाक होतो. मालवणात काळ्या वाटाण्याचा सांबार बनतो, तो हरभऱ्याचा चुलतभाऊच म्हणा. खोबरं ओलं की सुकं, एवढ्यावरून समुद्र किती लांब ते कळतं. छोले मात्र आपल्याकडे उशिरा आले. १९४७ च्या फाळणीत सिंधी आणि पंजाबी निर्वासित मुंबईत आले. कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं, सायन कोळीवाड्यात पंजाबी वस्ती वसली. पंजाबी जेवण हॉटेलांत गेलं, हॉटेलातून लग्नात, आणि लग्नातून आपल्या घरातल्या वाढदिवसात. आज मुलांना विचारा, 'हरभऱ्याची उसळ' म्हटलं की तोंड वाकडं, 'छोले' म्हटलं की दोन पोळ्या जास्त. दाणा एकाच जातकुळीचा!

चुलीवर हरभरा शिजवायचा म्हणजे दोन-तीन तासांचं जळण. म्हणून जुन्या घरांत अख्खा हरभरा रोज होत नसे. त्याची डाळ, पीठ, फुटाणे करणं ही जळण वाचवायची युक्ती होती. पिठलं दहा मिनिटांत होतं, ते याच्यामुळेच गरिबाचं अन्न झालं. १९५९ च्या सुमारास देशात प्रेशर कुकर बनू लागले, पुढे गॅस आला, तेव्हा अख्ख्या हरभऱ्याचा रस्सा मंगळवारीसुद्धा करता येऊ लागला. माझी आजी कुकरच्या शिट्टीला शेवटपर्यंत दचकायची, पण हरभरा मात्र त्याच्यातच लावायची.

एक अडचण अजून गेलेली नाही. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यात हरभरा शिजत नाही. पाण्यातला कॅल्शियम दाण्याच्या सालीला आणि गराला घट्ट धरतो. मग बायका चिमूटभर खायचा सोडा टाकतात. दाणा मऊ होतो, पण सोड्याने त्यातलं ब-१ जीवनसत्त्व बरंचसं जातं. गोडं पाणी मिळालं तर सोडा लागत नाही. पाणीपुरवठ्याच्या बातमीचा आणि रश्श्याचा संबंध काय, असं विचारणाऱ्यांसाठी हे लिहिलं. भिजवायला आणि शिजवायला शक्य तर फिल्टरचं किंवा नळाचं गोडं पाणी वापरा.

आता भात.

कोकण, मावळ, भंडारा-गोंदिया सोडले तर उरलेल्या महाराष्ट्रात भात हे रोजचं अन्न नव्हतं. घाटावर आणि मराठवाड्यात रोजची भाकरी ज्वारीची किंवा बाजरीची. भात सणाला, पाहुण्याला, आजाऱ्याला, फार तर शेवटचे चार घास. 'त्यांच्याकडे रोज भात असतो' हे घराच्या ऐपतीचं वर्णन होतं. मग भात आमच्या रोजच्या ताटात आला कसा? आमच्या शेतात तर पिकत नाही.

तो रेशनमधून आला. दुसऱ्या महायुद्धात, बंगालच्या दुष्काळाच्या वर्षी, १९४३ ला मुंबईत धान्याचं रेशनिंग सुरू झालं. स्वातंत्र्यानंतर ते कधी ढिलं कधी घट्ट होत राहिलं. १९६५ ला अन्न महामंडळ स्थापन झालं, त्याच वर्षी कृषी मूल्य आयोग आला. सरकार हमीभावाने गहू-तांदूळ घेणार, गोदामात ठेवणार, रेशनवर देणार, अशी सलग साखळी तयार झाली. १९७२ च्या दुष्काळात आपल्याकडे अमेरिकेची लाल मिलो आणि सुकडी आली, ती आठवण जुन्या लोकांना अजून कडू आहे. त्यानंतर हळूहळू रेशनचा तांदूळ ज्वारीच्या जागी बसत गेला. भाकरी थापायला वेळ लागतो, हात लागतो. भाताला फक्त भांडं लागतं. मजुरीला जाणाऱ्या बाईने कोणता निवडावा, हे सांगायला तज्ज्ञ नको.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिना पाच किलो धान्याचा हक्क दिला, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून ते पूर्ण मोफत झालं आणि जानेवारी २०२४ पासून पुढची पाच वर्षं मोफत ठेवायचं ठरलं. यात काही गैर नाही. उपाशी माणसाला धान्य मिळालंच पाहिजे. पण कायद्यातल्या हक्कात आहे ते तांदूळ, गहू आणि भरडधान्य. कडधान्याचा हक्क त्यात नाही. डाळ द्यायची की नाही, कधी द्यायची, किती दिवस द्यायची, हे त्या त्या वेळच्या सरकारच्या मनावर.

मन झालं तेव्हा काय मिळालं, ते बघा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये जुलै ते नोव्हेंबर असे पाच महिने अन्नसुरक्षा कायद्याखालच्या प्रत्येक कुटुंबाला महिन्याला एक किलो अख्खा चणा मोफत जाहीर झाला. मला त्या वेळी बरं वाटलं होतं, कारण भाताशेजारी पहिल्यांदाच रश्श्याचा विचार झाला होता. पण हिशोब करा. चार माणसांच्या घरात महिना एक किलो म्हणजे माणशी दिवसाला सव्वाआठ ग्रॅम. मोजून पाहिलं तर पन्नासेक दाणे. आणि नोव्हेंबरनंतर तेही थांबलं. २०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारच्या 'आनंदाचा शिधा'त शंभर रुपयांत रवा, साखर, पामतेल आणि एक किलो हरभरा डाळ होती. ती सणापुरती. जुलै २०२३ मध्ये केंद्राने 'भारत' नावाने हरभरा डाळ ६० रुपये किलोने विकायला काढली, पुढच्या वर्षी ती ७० झाली. ती मिळाली मोठ्या शहरांतल्या गाड्यांवर आणि दुकानांत. तालुक्याच्या रेशन दुकानात नियमाने मिळेल अशी ती योजनाच नव्हती.

तिकडे हरभऱ्याचं काय झालं? हे जास्त महत्त्वाचं.

साठच्या दशकापर्यंत हरभरा हे उत्तरेचं पीक होतं. पंजाब, हरियाणा, पश्चिम उत्तर प्रदेश. कोरडवाहू जमिनीत, हिवाळ्याच्या ओलीवर. मग कालवे आले, कूपनलिका आल्या, बुटक्या गव्हाचं बियाणं आलं, आणि मुख्य म्हणजे गव्हाला सरकारी खरेदीची खात्री आली. शेतकऱ्याने काय करावं? पाणी असलेल्या जमिनीत त्याने गहू लावला आणि खरिपात भात. हरभरा त्या पट्ट्यातून जवळजवळ हद्दपार झाला. हरितक्रांतीने देश उपासमारीतून बाहेर काढला हे खरंच आहे, पण तिने ताटातल्या एका भिडूला पुढे नेताना दुसऱ्याला बांधावर ढकललं.

ते ढकललेलं पीक आपल्याकडे आलं. मध्य प्रदेश, महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र. इथे थंडी कमी आणि जमिनीतली ओल लवकर संपते, म्हणून कमी दिवसांत येणारं वाण हवं होतं. हैदराबादजवळ पाटणचेरूला १९७२ ला इक्रिसॅट सुरू झाली. तिच्या आणि कृषी विद्यापीठांच्या कामातून अशी वाणं निघाली. राहुरीचे विजय, विशाल, दिग्विजय आपल्या शेतकऱ्याच्या तोंडात आहेत, काबुलीत विराट. यंत्राने काढता यावा म्हणून उंच वाढणारा फुले विक्रम आला. आज महाराष्ट्र देशात हरभऱ्याच्या पहिल्या दोन-तीन राज्यांत आहे, आणि जगातला बहुतांश हरभरा भारतातच पिकतो. आपल्या लातूर-धाराशिव-परभणी भागात खरिपात सोयाबीन आणि रब्बीत हरभरा हा आता ठरलेला फेरा आहे. रब्बी ज्वारी आणि करडई मागे पडली.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते जगाने पाहिलं. त्या जिल्ह्याला शोभणारं पीक कोणतं असेल तर हेच. एक-दोन पाण्यात येतं, नाही मिळालं तरी मुळं खोल जाऊन ओल शोधतं, मुळांवरच्या गाठींतून हवेतला नत्र जमिनीत ठेवून जातं. 'हरभऱ्याचा बेवड चांगला' हे आमच्या बापजाद्यांना प्रयोगशाळेशिवाय माहीत होतं. घाटे अळीने खाल्लं नाही आणि फुलात असताना धुकं-अवकाळी आली नाही, तर हे पीक शेतकऱ्याला सोडून जात नाही.

शेतकऱ्याला सोडतं ते धोरण. हरभऱ्याचा हमीभाव २०२४-२५ च्या हंगामाला क्विंटलला ५,४४० होता, पुढच्या हंगामाला ५,६५० झाला. कागदावर छान. पण गव्हा-तांदळासारखी सलग खरेदी हरभऱ्याची होत नाही. खरेदी केंद्रं उशिरा सुरू होतात, नोंदणी, ऑनलाइन सातबारा, ओलावा, चाळणी, बारदाना संपला, उद्दिष्ट संपलं. आडतीवर मात्र माल आणला की सौदा निघतो आणि पैसे लवकर हातात पडतात, मग चार-पाचशे कमी मिळाले तरी शेतकरी तिकडेच जातो. सोयाबीनचं कर्ज फिटायचं असतं, लग्न असतं, त्याला थांबायला वेळ नसतो.

आणि आयातीचं दार. २०१८ च्या मार्चमध्ये हरभऱ्यावरचं आयात शुल्क ६० टक्क्यांपर्यंत नेलं, कारण भाव पडले होते. डिसेंबर २०२३ मध्ये पिवळा वाटाणा शुल्काविना येऊ दिला. हा वाटाणा दळला की रंगाने बेसनासारखाच दिसतो, आणि भजीवाल्याला फरक कळला तरी गिऱ्हाईकाला कळत नाही. मे २०२४ मध्ये देशी हरभऱ्यावरचं शुल्कही शून्य केलं, कारण भाव चढले होते. एप्रिल २०२५ पासून पुन्हा १० टक्के लावलं. मी ग्राहकही आहे, डाळ महागली की माझ्याही घरात चर्चा होते. स्वस्त डाळ मिळू नये असं मी म्हणणार नाही. पण पेरणीच्या वेळी एक नियम आणि काढणीच्या वेळी दुसरा, असं असेल तर ऑस्ट्रेलियातला शेतकरी हिशोब करून पेरतो आणि आमचा देवाचं नाव घेऊन पेरतो. त्यांच्याकडे हा हरभरा रोज कोणी खात नाही, तो मुख्यतः आपल्यासाठीच पिकवला जातो.

या सगळ्याचा ताटावर झालेला परिणाम सरकारच्याच आकड्यांत आहे. १९६१ ला देशात माणशी दिवसाला ६९ ग्रॅम कडधान्य उपलब्ध होतं. २००१ ला ते ३० ग्रॅम झालं. चाळीस वर्षांत निम्म्याहून कमी. त्यानंतर थोडं सुधारलं, पण १९६१ चा आकडा परत गाठलेला नाही.

इथे आपल्या एका माणसाची आठवण काढली पाहिजे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. मोठे संख्याशास्त्रज्ञ, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे अनेक वर्षं संचालक. सत्तरच्या दशकात जगभर 'गरीब देशांत प्रथिनांची तूट' असा गाजावाजा होता आणि त्यावर महागड्या प्रथिन-पावडरी, पोषक बिस्किटं असे उपाय सुचवले जात होते. सुखात्मे यांनी मांडलं की धान्य आणि कडधान्याचं आपलं नेहमीचं जेवण पोटभर मिळालं, तर प्रथिनांचा प्रश्न बहुतेकांचा आपोआप सुटतो. खरी अडचण पोट भरण्याची आहे. त्यांच्याशी वाद घालणारेही पुष्कळ होते. पण त्यांच्या हिशोबात कडधान्य गृहीत होतं, हे विसरू नका. आज पोट भरतंय, पण नुसत्या भाताने. गृहीत धरलेली वाटीच ताटातून गेली.

शास्त्र सोपं आहे. तांदळात लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी, हरभऱ्यात ते भरपूर. हरभऱ्यात मेथिओनिन कमी, ते तांदळात बऱ्यापैकी. दोन्ही एकत्र खाल्ले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. वर सांगितलेल्या मापाने चौघांत माणशी ५० ग्रॅम हरभरा आणि ७५ ग्रॅम तांदूळ येतो, त्यातून पंधरा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. ६५ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला ५४ ग्रॅम लागतात. म्हणजे पावपेक्षा जास्त गरज एका साध्या ताटात भागली, अंडं नाही, पनीर नाही, डबा नाही. लिंबू पिळलं तर हरभऱ्यातलं लोह अंगी लागायला मदत होते.

शाळेच्या पोषण आहारात हा हिशोब कागदावर आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम धान्य आणि २० ग्रॅम कडधान्य, सहावी ते आठवीला १५० आणि ३०. तांदूळ सरकारी गोदामातून येतो, तो सहसा येतोच. कडधान्याचा पुरवठा रखडला की त्या दिवशीची खिचडी पिवळ्या भातावर येते. स्वयंपाक करणाऱ्या ताईंना दोष देऊ नका, त्यांना मिळतं तेच त्या शिजवतात. पण पालक म्हणून शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत साठा नोंदवही बघायला मागा. तांदळाचं पान बघून झालं की कडधान्याचं उलटा. तो तुमचा अधिकार आहे.

माझी मागणी काही क्रांतिकारक नाही. ज्या जिल्ह्यात हरभरा पिकतो, त्याच जिल्ह्यातल्या खरेदी केंद्रावर तो हमीभावाने, हंगामात, वेळेत घ्या. त्याच जिल्ह्यातल्या गोदामात ठेवा. त्याच जिल्ह्यातल्या रेशन दुकानात माणशी महिना एक किलो द्या, सणाला नव्हे, दर महिन्याला, आणि कायद्याने. पंजाबचा तांदूळ आमच्या तालुक्यापर्यंत येण्याची सोय सरकारने साठ वर्षं चोख केली आहे. आमच्या शिवारातला हरभरा आमच्याच अंगणवाडीपर्यंत पोचवायला दहा-वीस किलोमीटरचा प्रवास आहे. पैसा लागेल, मान्य. पण खरेदी न झाल्याने पडलेल्या भावाचा तोटा आणि कुपोषणावर होणारा खर्च हाही पैसाच आहे, तो फक्त वेगवेगळ्या खात्यांत दिसतो.

'दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत' ही म्हण आपण नशिबावर टाकतो. इथे दात लहान मुलांचे आहेत आणि चणे आडतीवर पडलेत. यात नशीब कुठे आलं?

येत्या आठवड्यात तालुक्यातल्या हरभरा खरेदी केंद्रांची नोंदणी, प्रत्यक्ष खरेदी आणि शेतकऱ्यांना मिळालेले पैसे यांची माहिती मागवतोय. ज्यांची नोंदणी होऊनही माल घेतला नाही, त्यांनी पावतीचा फोटो मला इनबॉक्समध्ये पाठवा, नाव छापणार नाही. ज्यांच्या मुलांच्या शाळेत कडधान्य आलेलं नाही, त्यांनीही कळवा, तारखेसह.

आणि हो, आज रात्री हरभरा भिजत घाला. गोड्या पाण्यात.